चव्वेचाळीस कोरे प्रश्न

धनंजय सरांना मी हुशार समजत होते, हे आधीच कबूल करते. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा लॉ सीईटीचा क्लास. भिंतीवर न्यायाधीशांचे फोटो आणि त्यांच्याखाली सर असे बसायचे, जणू पुढचा फोटो आपलाच. आमच्या चिखला गावाहून एसटीने दर रविवारी मी हे दर्शन घ्यायला जायची.

सरांचा मंत्र एकच. खात्री नसेल तर प्रश्न कोरा सोडा, चुकलं की मार्क कापतात. रविवारच्या टेस्टमध्ये ते स्वतःच लाल पेनाने कापायचे. अंदाजाने उत्तर देणाऱ्याला उभं करून म्हणायचे, "हा पाहा जुगारी! कोर्टात पत्तेच पिसंन हा." आम्ही खिदळायचो. सगळ्यात जास्त कोरे सोडणाऱ्यासाठी टाळ्या वाजायच्या, आणि बहुतेक वेळा त्या मलाच मिळायच्या.

गेल्या वर्षी खऱ्या परीक्षेतही मी एकशेवीसपैकी चव्वेचाळीस प्रश्न कोरे सोडून आले. मार्क पडले एकसष्ट. नागपूरचं कॉलेज हातचं गेलं. सर म्हणाले, "भावना, शिस्त कमी पडली तुह्यी." मग पुन्हा वर्षभर तीच एसटी, तेच न्यायाधीश.

माझे बाबा, गुलाब, मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली काम करतात. शिक्षण आठवी. पण फळ्यावरची सूचना स्वतः वाचल्याशिवाय ते खाली उतरत नाहीत. मुकादमाने तोंडी सांगितलेलं त्यांना चालत नाही. यंदा मी फॉर्म भरत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "मार्क कापतेत म्हन्ते तू, ते लिवलं कुठी हाय?"

"सर सांगतेत ना, बाबा."

"सरायनं सांगतलं ते आयकलं मी. लिवलं कुठी हाय, ते विचारून रायलो."

मोबाइलवर माहितीपुस्तिका उघडली. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जाणार नाहीत, असं सरळ छापलेलं होतं. गेल्या वर्षीची उघडली, तिच्यातही तेच. मार्क कापतात ते दुसऱ्या, देशपातळीवरच्या परीक्षेत. ती सरांनी तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा ते आपटले होते. तिथली भीती ते आम्हाला शिस्त म्हणून पाजत होते. मला त्यांची किळस आली. स्वतःचीही आली. निघाली वकील व्हायला, आणि अक्कल अशा माणसाकडे गहाण!

रविवारी ती ओळ क्लासमध्ये मोठ्याने वाचली. सर म्हणाले, "जास्त वकिली करू नको." मी क्लास सोडला. यंदा एकही प्रश्न कोरा ठेवला नाही. जिथे काहीच सुचलं नाही, तिथेही एक पर्याय दाबून मोकळी झाले. पंच्याऐंशी पडले आणि नागपूरला नंबर लागला.

तिसऱ्या दिवशी सर पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या दारात. बॅनरवर लावायला माझा फोटो हवा होता.

"पाहा गुलाबभाऊ, पोरगी आमच्या क्लासची हाय!"

बाबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, "पन सर, पोट्ट्यायले कोरं सोडाले काहून सांगत होते तुमी?"

ओशाळतील तर ते सर कसले! "असं हाय भाऊ, मानसानं पुरी खात्री असंन तरच तोंड उघडावं. वकिलीचा पयला धडा हाय हा."

"मंग तुमी कायले उघडलं?" बाबा म्हणाले. "पोरीचं वर्स गेलं माह्या."