जावांची रशियन

थोरली वर्गाच्या दारात आली आणि तिथंच थबकली. खिडकीजवळच्या बाकावर तिची धाकटी जाऊ बसली होती, कोरी वही पुढ्यात घेऊन. दोघींची नजरानजर झाली. मग दोघींनी एकदमच फळ्याकडे पाहिलं, फळ्यावर एक अक्षर नसताना.

"पोरानं डाव साधला," थोरली पुटपुटली.

पोरगा म्हणजे थोरलीचा एकुलता एक. नोकरीसाठी परदेशी गेला, तिथं एका रशियन मुलीशी लग्न केलं, आणि आता दोन महिन्यांनी बायकोला घेऊन येणार होता. सुनेचं इंग्रजी यथातथा आणि थोरलीचं तर देवाच्या भरवशावर. मोबाइलवर सासू-सून एकमेकींना बघून नुसत्या हसायच्या, हात हलवायच्या, गाल दुखेपर्यंत. शेवटी पोरानंच सांगितलं की आई, तुमच्या वाचनालयाच्या माडीवर रशियनचा वर्ग सुरू होतोय, नाव घाल. हेच त्यानं काकूलाही सांगितलं असेल हे काही थोरलीच्या डोक्यात आलं नाही. वर त्यानं अट घातली होती. "विमानतळावर तू आणि काकू दोघी बरोबर या. नाहीतर आम्ही सरळ हॉटेलात उतरू. एका घरचे निरोप दुसऱ्या घरी पोचवायला मी येत नाहीये."

"म्हणजे मी काय तिच्या दारात जाऊन नाक घासू?"

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

आता यात थोरलीची बाजू अशी होती. धाकटीला मूलबाळ नाही. पोरगा लहानपणापासून काकूच्याच पदराला धरून वाढला. ताप आला की काकू, मार्क कमी पडले की काकू. थोरलीनं ते चालवून घेतलं. पण परदेशी जायचं ठरलं तेसुद्धा त्यानं आधी काकूला सांगितलं आणि आईला नंतर, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फोन करून धाकटीला नाही नाही ते ऐकवलं. काय काय बोललो ते तिचं तिलाही पुढं आठवेना. रागाच्या भरात माणूस बोलतं, ते काय गाठ मारून ठेवायचं असतं? त्यानंतर तीन महिन्यांत थोरलीचा नवरा गेला. घरातल्या घरात, तीन दिवसांच्या आजारात, अगदी ध्यानीमनी नसताना. दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, आला, त्यानं सगळं निस्तरलं. धाकटी आली नाही. ना त्या तीन दिवसांत, ना त्यानंतर. "ती का नाही आली?" असं थोरलीनं दिराला एकदा विचारलं, तर तो मान खाली घालून चपला शोधायला लागला. मग तिनंही विचारणं सोडलं. मरणाला वैरीसुद्धा दारात येतो, आणि ही सख्खी जाऊ असून आली नाही, एवढंच तिनं मनात धरलं. त्याला आता चार वर्षं होत आली होती.

वर्ग घ्यायला एक बाई होत्या. आयुष्यभर एका यंत्रांच्या कारखान्यात दुभाष्या म्हणून काम केलेल्या, आवाज खणखणीत, वेळ वाया घालवलेला न खपणाऱ्या. विद्यार्थी सहाच. एक नवरा-बायको होते, ते एकमेकांशेजारी चिकटलेले. एक कॉलेजातली मुलगी आणि एक निवृत्त इंजिनिअर, त्यांची पहिल्या पाच मिनिटांत गट्टी जमली. उरल्या या दोघी.

"तुम्ही दोघी," बाई म्हणाल्या, "समोरासमोर बसा."

"मला इथंच बरं आहे," थोरली म्हणाली.

"भिंतीशी बोलून भाषा येत नाही. उठा."

बसावं लागलं. चार वर्षं एक शब्द न बोललेल्या बायका ढोपराला ढोपर लावून बसल्या आणि धाकटीनं पेनाकडे बोट करून विचारलं, "श्तो एता?" हे काय आहे?

"एता रूच्का," थोरली म्हणाली. हे पेन आहे.

झालं, सुरुवात झाली. खिडकी, दार, टेबल, पाव, पाणी. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघी एकमेकींना खिडकी दाखवायच्या आणि खिडकीच आहे अशी खात्री करून घ्यायच्या. वर्ग सुटला की एक जिन्यानं आधी उतरायची. दुसरी मुद्दाम पिशवी आवरत मागं राहायची.

थोरलीची खरी पंचाईत वेगळीच होती. तिच्या जिभेवर चार वर्षांचे टोमणे पाठ होते, धार लावून ठेवलेले. पण रशियनमध्ये तिच्याकडे शब्द किती, तर पाव, पाणी, दिवा आणि बहीण. 'आम्ही कोण बाई, आम्हाला कोण विचारतंय' हे पाव आणि पाण्यात कसं बसवणार? घालूनपाडून बोलायचं तर आधी भाषा चांगली यावी लागते. नवशिक्याला आहे ते आहे म्हणावं लागतं आणि नाही ते नाही. धाकटीनं 'घर चांगलं आहे का' विचारलं, तर 'चांगलं आहे' यापलीकडे थोरलीला काही म्हणता येत नव्हतं. तिला त्याचा भारी राग यायचा. आणि घरी परतताना, का कोण जाणे, जरा हलकंही वाटायचं.

मग नात्यांचा धडा आला. प्रश्न पुस्तकात छापलेलाच होता, थोरलीनं तो वाचला. "उ तिब्या येस्त सिन?" तुला मुलगा आहे का?

वाचून झाल्यावर तिला कळलं आपण कोणाला काय विचारलं ते. एके काळी हे तिनं मुद्दाम विचारलं असतं. आज खरोखर तिच्या मनात नव्हतं.

"न्येत," धाकटी म्हणाली. नाही. मग तिनं बाईंना विचारलं, "पुतण्याला काय म्हणतात?"

"प्लिम्यान्निक."

"प्लिम्यान्निक येस्त," धाकटी म्हणाली. पुतण्या आहे. "अदीन." एक.

तिच्या बोलण्यात ना कुरघोडी होती ना तक्रार. तेवढेच शब्द होते, तेवढेच तिनं वापरले. थोरली पुस्तकात तोंड घालून बसली. पोरगा माझा आहे, माझा, असं चार वर्षं मनात घोकत होती. त्याला कोणाचा पुतण्या म्हणून तिनं कधी धरलंच नव्हतं. त्या संध्याकाळी पिशवी आवरायला कोणीच मागं राहिलं नाही. दोघी एकाच वेळी जिना उतरल्या आणि खाली आल्यावर आपापल्या वाटेनं गेल्या.

पोरगा यायला आठवडा उरला. बाईंनी 'काल'चा धडा घेतला. तुम्ही काल कुठं होता? मी घरी होतो, मी कामावर होते. नवरा-बायको खिदळत एकमेकांना विचारू लागले, इंजिनिअरसाहेबांनी आपण काल बँकेत होतो असं तीनदा जाहीर केलं.

थोरलीची पाळी होती. 'काल' हा शब्द तिला येत होता, चांगला येत होता. तो तिनं घेतला नाही.

"ग्द्ये ती बिला?" तिनं विचारलं. कुठं होतीस तू?

धाकटीनं उत्तरासाठी पुस्तक उघडलं. मग थोरलीच्या तोंडाकडे बघितलं आणि पुस्तक मिटलं. हा प्रश्न कालचा नाही हे तिला कळलं. तिचा चेहरा पार उतरला.

"या बिला ताम," ती म्हणाली. मी तिथं होते.

"ग्द्ये ताम?" तिथं कुठं?

"ना ऊलित्से." रस्त्यावर. ती शब्द शोधत होती, आणि सापडले ते पुस्तकातलेच होते. "ताम आप्त्येका."

तिथं औषधांचं दुकान आहे. थोरलीच्या घराच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, औषधांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर उभं राहिलं की थोरलीच्या पुढच्या खोलीची खिडकी दिसते, आत कोण आलं कोण गेलं तेही दिसतं.

"काग्दा?" केव्हा? थोरलीनं विचारलं.

धाकटीनं तीन बोटं वर केली. तिन्ही दिवस. मग बाईंकडे वळून विचारलं, "'खूप वेळ'ला काय म्हणायचं?"

"दोल्गा," बाई म्हणाल्या.

"दोल्गा," धाकटी म्हणाली. "दोम न्येत. दोम निल्ज्या." व्याकरणाच्या नावानं आनंदच होता, पण थोरलीला अगदी स्वच्छ समजलं. घरात नाही. घरात येणं मना.

आणि तेव्हा तिला आठवलं. फोनवर सगळ्यात शेवटी, आवाज चढवून, काय म्हणाली होती ते. माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस. फोन आपटून ती भाजीला फोडणी द्यायला गेली होती आणि विसरून गेली होती. समोरची विसरली नव्हती. तिन्ही दिवस ती पायरीवर उभी होती. आत तिचे थोरले दीर मरत होते, ज्यांना ती मोठ्या भावासारखं मानायची, आणि ती खिडकीकडे बघत उभी होती. थोरलीला एकदा जरी खिडकीशी यायचं सुचलं असतं तर दिसली असती.

बाई जवळ येत होत्या. दोघींची तोंडं बघून त्या वळल्या आणि इंजिनिअरसाहेबांकडे गेल्या.

थोरलीनं तोंड उघडलं. क्षमा मागायचा रशियन शब्द त्यांनी पहिल्याच आठवड्यात घोकला होता, पण तो गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला तर म्हणायचा. तो तिच्या तोंडून निघेना.

"त्या दिवसांत ऊन किती होतं गं," ती मराठीत म्हणाली.

"होतं," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"सावलीला तरी उभी राहायचीस."

"सावलीतून खिडकी दिसत नव्हती, जाऊबाई."

थोरलीनं पुढं होऊन तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि मग तिला काही आवरलं नाही. "आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस," ती रडत म्हणाली, "आणि नेमकं तेवढंच ऐकलंस होय गं?"