झिजलेलं वजाचं बटण

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो. बारा आकडे मावतील एवढी माझी काच, डोक्यावर ऊन पिणारी काळी पट्टी आणि पोटावर बटणांच्या रांगा. त्यातलं वजाबाकीचं बटण इतकं झिजलं आहे की त्यावरची आडवी रेघही आता दिसत नाही. बेरजेचं बटण मात्र अजून कोरं करकरीत आहे. असं का झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आधीच सांगून ठेवतो, मी जरा शिष्ट आहे. मी कधी चुकत नाही. लोक चुकतात आणि नाव माझं घेतात. पण माझ्यात एक उणीव आहे, ती मी लपवत नाही. मला जेवढं विचाराल तेवढंच मी सांगतो. न विचारलेलं सांगायला मला तोंडच नाही, आणि त्याचा त्रास मला जन्मभर झाला.

मुरबाडच्या बाजारात वह्या-पेनांच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात बसलो होतो. वाटायचं, एखादा शाळेतला मास्तर मला घेईल. घेतलं बारकू मुकादमाने. मुकादम म्हणजे वीटभट्टीवर माणसं नेणारा आणि त्यांचा हिशोब ठेवणारा माणूस. दसऱ्याच्या सुमारास तो वाड्या-वाड्यांवर फिरायचा आणि एकेका जोडीला, म्हणजे नवरा-बायकोला, आगाऊ पैसे द्यायचा. त्याला बयाणा म्हणतात. बयाणा घेतला की दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर जायचं, चिखल तुडवायचा, विटा थापायच्या. दर रविवारी पोटापुरती खर्ची मिळायची आणि हंगाम संपला की एकदाच शेवटचा हिशोब व्हायचा.

त्या हिशोबाला माझी गरज लागायची. थापलेल्या विटा किती आणि हजारामागे भाव किती, असा एकच गुणाकार व्हायचा. काचेवर छान लांबलचक आकडा यायचा. समोर उकिडवे बसलेले नवरा-बायको तो बघून एकमेकांकडे बघायचे. मग मुकादम वजा करायला लागायचा. बयाणा वजा, खर्ची वजा, औषधाचे वजा, फुटलेल्या विटा वजा, येण्याजाण्याच्या टेम्पोचे वजा. माणसांना वाचता येत नसलं तरी आकडा आखूड होताना दिसतो की हो! मुकादम म्हणायचा, "हे बघ, मशीन सांगतंय." आणि मी लाजेने चूर व्हायचो. मी कुठे सांगत होतो? तो दाबत होता.

याच भट्टीवर यमाजी आणि ठमी यायचे. ही जोडी उंबरमाळीजवळच्या कातकरी वाडीची. एका दसऱ्याला मुकादम त्यांच्या दारात बसला होता आणि मी त्याच्या खिशात होतो. बयाण्याच्या नोटा पुढे आल्या तेव्हा यमाजीने भीतभीत विचारलं, "मुकादम, हजाराला किती त्ये कळलं. पन कापनार काय काय, त्ये आधी सांगाल का?"

मुकादमाने नोटा परत खिशात घातल्या आणि तो शेजारच्या दारात जाऊन बसला. त्या वर्षी यमाजीच्या जोडीला कुठल्याच भट्टीवर काम मिळालं नाही. पुढच्या वर्षी ती माणसं परत आली तेव्हा ठमी निम्मी झाली होती. वर्षभर रानातले कडूकंद उकडून खाल्ले, असं ती एका बाईला सांगत होती. यमाजीने त्यानंतर कधी काही विचारलं नाही. वाडीतही त्याने हाच धडा दिला: कामाच्या आधी कपात विचारू नये, विचारलं की काम जातं.

त्यांची एक मुलगी होती, दिशा. सात-आठ वर्षांची असेल. माझं वजाचं बटण अडकायला लागलं तेव्हा मुकादमाने चिडून मला खंगर, म्हणजे जळून वाकड्या झालेल्या, विटांच्या ढिगावर भिरकावलं. दिशाने मला उचललं, फ्रॉकला पुसलं आणि उन्हात धरलं. माझ्या काचेवर शून्य उजळलं तेव्हा ती जे हसली, ते मी आजही विसरलेलो नाही. भट्टीवरच्या शाळेत ती माझ्याशी खेळत आकडे शिकली. मित्रांनो, माझं खरं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं असंच मी मानतो.

पुढे दिशा आश्रमशाळेत गेली, मग नर्सिंगला गेली. तिच्या हातात मोबाइल आला आणि मी कुडाच्या भिंतीवरच्या फळीवर गेलो. माझ्या अंगावर धूळ साचली. एकदा एका पालीने माझ्यावर अंडीसुद्धा घातली. मोबाइलला फोटो येतात, गाणी येतात, त्यात मोजणीही येते म्हणे. येऊ दे. मी रुसलो होतो, पण मनातून खूश होतो. आमची दिशा शहापूरच्या एका दवाखान्यात पांढऱ्या कपड्यांत नोकरी करत होती आणि सुट्टीच्या दिवशी कल्याणला जाऊन जर्मन भाषा शिकत होती.

गेल्या भादव्यात तिला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं. नोकरी पक्की, दिवाळीनंतर यायचं, पगार महिना चोवीसशे युरो. पत्र मोबाइलच्या पडद्यावर होतं, म्हणून आकडेमोडीला तिने मला फळीवरून काढलं. फुंकर मारली, दारात उन्हाला धरलं. एका युरोला त्या दिवसांत शंभर रुपयांच्या आसपास पडत होते. तिने चोवीसशे गुणिले शंभर केलं.

"दोन लाख चाळीस हजार!" ती ओरडली. "बा, महिन्याला!"

यमाजी वाडीभर सांगून आला. त्या घरात तेव्हा एकच काळजी होती, ती ठमीच्या पाठीची. वीस वर्षं चिखल उचलून तिच्या कण्याची चकती सरकली होती. शहापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा भट्टीवर गेलीस तर पुन्हा नीट उभी राहणार नाहीस. पण बयाणा मिळतो तो जोडीला. दिशाचा दवाखान्यातला पगार जर्मनच्या फीतच संपत होता. ठमी गेली नाही तर वर्षभर खायचं काय? आता त्या एका आकड्याने सगळं सुटल्यासारखं वाटलं. यमाजीने ठरवलं, भट्टी बंद. एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं. पण बाजारात तुरी, अशी त्याची गत झाली. त्याने स्लॅबच्या घराचा बेत केला आणि डब्यात साठवलेले बावीस हजार दसऱ्याला ठेकेदाराच्या हातावर ठेवायचं कबूल केलं.

मी मात्र काचेत गुदमरत होतो. अगं, गुणाकारानंतर थांबतात का? भट्टीवर आपण काय पाहिलं ते तू विसरलीस? माझं ते झिजलेलं बटण दाब ना! पण म्हटलं ना, मला तोंड नाही.

ते बोलायला निर्मला सिस्टर आल्या. त्या दिशाच्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्स, त्यांची भाची परदेशात होती. त्या दिशाच्या घरी पेढे खायला आल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "चोवीसशे हे एकूण झाले गं. हातात किती पडणार?"

दिशाने मोबाइलवरचं पत्र पुन्हा वर-खाली सरकवून पाहिलं.

"टॅक्स कापतात, विमा कापतात, पेन्शनचे कापतात. खोलीचं भाडं असतं. विचारलं नाहीस का त्यांना?"

"असं कसं विचारायचं, सिस्टर?" दिशा म्हणाली. "अजून कामावर गेले पण नाही मी."

सिस्टरांना ते काही कळेना. मला कळलं. ही मुलगी तीन भाषा शिकली होती, इंजेक्शन देताना तिचा हात हलत नव्हता, पण मालकाला कपात विचारायची म्हटली की तिचा धीर सुटायचा. ती भीती तिच्या बापाची होती.

सिस्टर गेल्यावर यमाजी म्हणाला, "इच्यारू नको गो. त्यो दुसरी बघंल. जगात पोरी काय कमी हायेत?"

तीन दिवस दिशा मोबाइलवर चार ओळी लिहायची आणि पुसायची. मी शेजारीच पडलेलो. दसरा पाच दिवसांवर आला होता. तिसऱ्या दिवशी ठमी भिंतीला धरून धरून तिच्याजवळ आली आणि हळूच टेकली.

"काय लिवतेस?"

"हातात किती मिळणार, ते. पण बा नको म्हनतो."

ठमीने हात मागे नेऊन कंबर दाबली. मग म्हणाली, "तुझ्या बापानं येकदा इच्यारलं, तवा येक वरीस उपाशी राह्यलो. मंग वीस वर्सं नाय इच्यारलं. तवा काय पोट भरलं का? ही बघ माझी पाठ. तू इच्यार."

"काम गेलं तर, आय?"

"ग्येलं तं ग्येलं. जे इच्यारल्यावर जातंय, त्ये काम नाय गो, त्यो फास हाय."

दिशाने डोळे मिटून बटण दाबलं आणि पत्र गेलं.

पुढचे दोन दिवस उत्तर आलं नाही. यमाजी जेवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला. दिशाने पत्र उघडलं. त्या लोकांनी लिहिलं होतं की, आपण विचारलंत हे बरं केलंत, सोबत सगळा तपशील जोडला आहे. एकेका ओळीत एकेक कपात होती. काम कुठेही गेलं नव्हतं.

दिशाने मला पुन्हा उन्हात ठेवलं. मित्रांनो, त्या दिवशीचा हिशोब माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब हिशोब होता. चोवीसशेतून टॅक्स, विमा, पेन्शन मिळून सातशे वीस गेले. हातात सोळाशे ऐंशी. खोलीचे चारशे ऐंशी वजा, उरले बाराशे. खाण्याचे साडेतीनशे वजा. बसचा पास आणि फोन मिळून शंभर वजा. पुढच्या परीक्षेच्या क्लासचे दीडशे वजा. थंडीचे कपडे आणि परतीच्या तिकिटासाठी दर महिन्याला दोनशे बाजूला. दर वेळी तिने माझं झिजलेलं बटण जोर लावून दाबलं. शेवटी काचेवर चारशे राहिले.

"म्हंजे किती?" यमाजीने विचारलं.

"चाळीस हजार. आणि पहिले दोन महिने तेही नाहीत, बा. ते खोलीच्या अनामतीत जाणार. पैसे यायला माघ उजाडेल."

दोन लाख चाळीस हजारांचे चाळीस हजार झाले. यमाजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आता हा मला पुन्हा ढिगावर फेकतो, असं वाटून मी धास्तावलो. पण तो उठला, फळीवरून पैशांचा डबा काढून आणला आणि ठमीच्या पुढ्यात ठेवला.

"स्लॅब नाय घालायचा," तो म्हणाला. "माघापातूर ह्यातच खायाचं. तू भट्टीवर यायचं नाय."

ठमी रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मित्रांनो, तो डबा दसऱ्याला ठेकेदाराकडे गेला असता, तर माघापर्यंत घरात काहीच नसतं. मग ठमी वाकत वाकत भट्टीवरच गेली असती. हे एका न दाबलेल्या बटणामुळे झालं असतं.

दसऱ्याला बारकू मुकादम आला. केस पिकले होते, पण नोटा काढायची ढब तीच होती. यमाजीने सांगितलं, "यंदा जोडी नाय."

"मंग येकटा ये," मुकादम म्हणाला. "भट्टी राखायला मानूस पायजे मला. हे घे." आणि नोटा पुढे केल्या.

यमाजीने नोटांना हात लावला नाही. तो घरात गेला, मला घेऊन आला आणि दोघांच्या मध्ये सारवलेल्या जमिनीवर ठेवलं.

"महिन्याला किती देशील त्यो आकडा पयला घाल," तो म्हणाला. "मंग कापनार काय काय, त्ये येकेक सांग."

मुकादमाने मला हातात घेतलं, उलटं केलं. पाठीवर त्यानेच कधीतरी खिळ्याने कोरलेली खूण होती. तो चमकला.

"ह्यो तं माझा हाय!"

"व्हता," यमाजी म्हणाला.

मुकादमाचा हात नोटांसकट खिशाकडे गेला. यमाजी घाबरला असणार. पण तो उठला नाही आणि त्याने शब्दही मागे घेतला नाही. दारात ठमी उभी होती, भिंतीला धरून. मुकादमाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तो मांडी घालून बसला, पगाराचा आकडा घातला आणि एकेक कपात सांगू लागला. दिशा आकडे घालत होती, पण वजाचं बटण प्रत्येक वेळी यमाजी दाबत होता. ज्या अंगठ्याने त्याने वीस वर्षं कोऱ्या हिशोबावर निळा ठसा दिला, त्याच अंगठ्याने. शेवटी उरलेला आकडा पटला, तेव्हाच त्याने नोटा उचलल्या.

दिशा दिवाळीनंतर गेली. मला तिने घरीच ठेवलं. आता वाडीतली माणसं कुठे कामाला निघाली, मग ते कल्याण असो की परदेश, की आधी माझ्याकडे येतात. मी दाराशी उन्हात बसलेला असतो.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस कामाला जाल. मोठा आकडा ऐकाल आणि हुरळून जाल. हुरळा खुशाल, पण निघण्याआधी विचारा, हातात किती पडणार. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र तुमच्या फळीवर असेल, तर त्याची धूळ पुसून त्याला थोडं ऊन दाखवा. माझं ते बटण जरा जोरात दाबावं लागतं, एवढंच.