मुकी पट्टी

ब्राकोनी कारखान्याच्या छापील इतिहासात, अशा ग्रंथांच्या नेहमीच्या निर्लज्ज प्रसन्नतेने, नमूद आहे की इटलीतल्या कास्तेलफिदार्दो या अकॉर्डियनच्या गावातील त्यांच्या पहिल्या विजेच्या ऑर्गनला सूर जुळवणाऱ्या वृद्ध नाझारेनोने जागच्या जागी मान्यता दिली. हे खरे आहे.

गावाचा रिवाज असा, की सूर जुळवणाऱ्याने व्यापाऱ्यांसमोर ‘लागला’ म्हणून आत पेन्सिलीने सही केल्याखेरीज एकही अकॉर्डियन दाराबाहेर जात नसे. ऑर्गनमध्ये जुळवण्यासारखे काही नव्हते; तरी मालक एत्तोरेला सही हवी होती. नाझारेनोला ती अधिकच हवी होती, कारण विजेच्या वाद्यांपायी सूर जुळवणाऱ्यांची बाके एकेक करून उचलली जात होती. वरच्या सप्तकाने त्याच्या कानांना केव्हाच सोडचिठ्ठी दिली होती. अकॉर्डियनच्या पोलादी जिभांचा कंप बोटांना कळे, म्हणून अब्रू शाबूत होती. या यंत्राला कंप नव्हता.

सभागृहात जमलेल्या व्यापाऱ्यांसमोर त्याची मुलगी लोरेदाना खालच्या सुरापासून वरच्या सुराकडे ऑर्गनच्या पट्ट्या दाबत गेली. शेवटच्या पट्टीवर तिचे बोट थांबताच त्याने डोळे मिटून मान डोलावली.

“लागला. अगदी काचेसारखा!”



“बाबा,” ती खाली वाकून हळूच म्हणाली, “तार सुटलीय. वाजलीच नाही ती.”

तेवढ्यात एक जर्मन व्यापारी उद्गारला, “वा! काय स्वच्छ स्वर!” आणि जमलेल्या प्रतिष्ठितांनी त्या शांततेला मनापासून टाळ्या दिल्या.

एत्तोरेने पेन्सिल पुढे केली. “करा सही, मास्तर. तारेला काय, नंतर डाख लावू.”

“एत्तोरे, मला ऐकूच...”

“आलं की! सगळ्यांना आलं. आता नाही म्हणालात, तर तुमच्या सहीचा एकेक अकॉर्डियन लोक परत आणून आपटतील इथे. पोरीची नोकरीही इथेच आहे, विसरू नका.”

“माझं निमित्त नको,” लोरेदाना म्हणाली. “बाबा, सांगून टाका. हसतील दोन दिवस, हसू देत.”

म्हणजे सुटकेचे दार उघडे होते, आणि ते तिनेच उघडले होते. नाझारेनोने मुलीकडे न पाहता सही केली. हात जरादेखील कापला नाही. पुढे आयुष्यभर त्याला त्या न कापण्याचीच सर्वाधिक लाज वाटत राहिली.

एत्तोरेने तिथल्या तिथे त्याला ध्वनितपासणीचा प्रमुख नेमले. लोरेदानाने कोट उचलला आणि त्याच्यासाठी न थांबता ती निघून गेली. कोणीतरी त्याच्या हाती व्हर्मुथ मद्याचा पेला दिला.

“पुढचं यंत्र केव्हा तपासणार, मास्तर?” व्यापाऱ्याने आदराने विचारले.

“उद्या सकाळी,” नाझारेनो म्हणाला.