सत्यवतीची सैल बाज

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो. दिघोरीतल्या एका घराच्या सपरीत पडून असते, जिथं सायकल अन् कोंबड्यांचा डालगा ठेवतात.

मला टिकारामनं बनवलं. त्याच्या लग्नाच्या वर्षी. पाय बाभळीचे, दोरी अंबाडीची. दर वर्षी तो पायथ्याची दोरी ओढून मला कसायचा. शेजारी म्हणायचे, बाज पाहायची तर टिकारामची. मला फार बरं वाटायचं.

चार वर्षांआधी टिकाराम तापानं गेला. मग मला कुणी कसलंच नाही. मी मधून खोल गेले. झोळीसारखी. त्याचा भाऊ हिरालाल एकदा नवी दोरी घेऊन आला, तर टिकारामची बायको सत्यवती आडवी आली.

"हात नोका लावू, भाऊजी. त्यायच्या हातची वीण हाये."

"वयनी, बाज हाये का पाळणा? गडप होऊन जाता तुम्ही तिच्यात!"

ती हसली. पण दोरी परत गेली. खरं सांगते, मला तेव्हा आनंद झाला होता. आता त्याची लाज वाटते.

सत्यवती रोवण्याला जायची. पावसाळ्यात रोज सात-आठ तास चिखलात उभी, गुडघे ताठ, कमरेतून वाकून धान लावायची. रोपांच्या ओल्या पेंड्याही तशाच वाकून, झटक्यात उचलायची. घरी आली की माझ्यात पडायची. मला वाटायचं, मी तिला आराम देते. पण माझ्या झोळीत तिची पाठ पुन्हा वाकायची. दिवसभर शेत वाकवायचं, मग मी.

दोन वर्षं ती कण्हत उठली. दुकानातली गोळी खायची अन् निघायची. या वर्षी डावा पाय सुन्न पडायला लागला. पोरगी चंदा म्हणाली, "माय, डॉक्टरकडे चाल."

"रोवना होऊ दे वं. टोळीतली एक बाई कमी झाली का बाकीच्यायचे हाल होते. अन् भाऊजी हायेत ना पायाळू."

मित्रांनो, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याची लाथ लागली की पाठीतली उसण निघते, असं आमच्याकडे मानतात. हिरालाल तसा. लोक दुरून यायचे. तो हलकेच पाय लावायचा, लोक खूश होऊन जायचे.

त्या सकाळी सत्यवती माझा काठ धरून, वाकून उभी राहिली.

"वयनी, पाय सुन्न पडते म्हणता. मले भेव वाटते."

"एवढे मोठे झाले अन् वयनीले लाथ माराले भेता? जोऱ्यानं मारा. पुढच्या जन्मी फेडून घेईन!"

त्यानं मारली. ती माझ्यावर कोसळली. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "भाऊजी, माहा पाय कुठी गेला?"

चौघांनी मला तिच्यासकट उचलून गाडीपर्यंत नेलं. माझी दोरी प्रत्येक पावलाला खाली लचकायची, अन् ती कळवळायची.

नागपूरला ऑपरेशन झालं. पण पाऊल अजून उचलत नाही, घासत चालते. डॉक्टर काय म्हणाले ते चंदा हिरालालला सांगत होती. मी ऐकलं. मणक्यातली गादी आधीच सरकली होती. वर्षानुवर्षं वाकणं, झटक्यानं ओझं उचलणं, सैल बाज. वरून ती लाथ. पाय सुन्न पडला तेव्हाच नेलं असतं, तर बहुतेक वाचला असता.

हिरालाल ऐकत होता. मान वर केली नाही त्यानं.

आता सत्यवती लाकडी तखतावर, पातळ गादीवर झोपते. चंदा कंबर शेकते, व्यायाम करून घेते, थोडं थोडं चालवते. नुसतं पडून राहायचं नाही म्हणे. चंदा स्वतः रोवण्याला जाते, पण मधे-मधे उभी राहून पाठ ताणते. ओझं गुडघ्यात बसून, अंगाशी धरून उचलते. बाया तिला "मास्तरीणबाई" म्हणून चिडवतात. चिडवू देते.

मला सपरीत न्यायला सत्यवतीनंच सांगितलं. नेताना माझ्या दोरीवर एकदा हात फिरवला.

परवा हिरालाल माझ्या काठावर बसला होता. एक म्हातारा कमरेवर हात ठेवून आला. "एक लाथ दे बापू, उसन भरली."

हिरालालनं दोन्ही पाय वर घेतले अन् मांडीखाली दाबले. "दवाखान्यात चाला, बाबाजी. मी येतो संग."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी कंबर धरून उठत असेल, तर त्याला विचारा, पाय सुन्न पडतो का? पडत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. अन् बाज सैल झाली असेल तर दोरी काढून नवी विणा. जुनी वीण कुणाच्याही हातची असो, सोडा. आम्हाला दुखत नाही.