दिपमालाच्या पत्रिकेची फाइल

बन्सीलालनानांच्या जळगावच्या छापखान्यात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फाइलीच्या नावाआधी दोन उभ्या रेघा, मध्ये श्री, पुन्हा दोन रेघा, आणि मगच गिऱ्हाइकाचं नाव. एकटा जुना कॉम्प्युटर तेवढा रेघा घ्यायला साफ नकार द्यायचा, नुसत्या श्रीवर भागवावं लागे, म्हणून नाना त्याला नास्तिक म्हणत. गेल्या आठवड्यात डिझाइनसाठी दुसऱ्या कंपनीचा नवा कॉम्प्युटर आला. त्यानं रेघा मुकाट घेतल्या. याच्यावर संस्कार आहेत, असं नानांनी जाहीर केलं.

या संस्कारी यंत्रावर पहिलं काम झालं ते नानांच्याच लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेचं. डिझाइन करणाऱ्या हेमांगीला नानांनी शेजारी उभं राहून फाइलीचं नाव सांगितलं. रेघा, श्री, रेघा, चि. सौ. कां. दिपमाला, तिरकी रेघ, चि. प्रेमराज, शेवटी शोभेला दोन चांदण्या. नाव कसलं, वरातच ती. फाइल दोन्ही कॉम्प्युटरांच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवली गेली.

धुळ्याहून व्याही रुपचंदभाऊ येऊन बसले होते. पहिली पत्रिका आज दिवेलागणीच्या आत देवीपुढे ठेवायची होती. "घरचं मशीन शे भाऊ, चहा संपेस्तोवर पत्रिका तुमच्या हातात," असं नाना छाती फुगवून बोलून बसले होते.

पहिला चहा संपला. दुसराही संपला. आत छपाईच्या मशीनवरचा उखर्डू मशीनला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे डोकं खाजवत होता. नावाच्या जागी नुसते चौकोन दिसत होते, आणि उघडायला जावं तर फाइल सापडत नाही म्हणे.

"डोळ्यासमोर आहे आणि सापडत नाही?" नाना आत धावले.

"नाना, रेघा, चांदण्या नव्याला चालतात, जुन्याला नाही," हेमांगी म्हणाली. "नाव बदलते, लगेच छापू. नुसतं श्री चालेल."

"श्री दिपमाला? पोरीला बाप्या करतेस काय?" नाना अडूनच बसले. "गावाच्या बठ्ठ्या, एकूणएक पोरींच्या पत्रिका श्री घालून, रेघा ओढून छापल्या मी. माझीच पोर तशी पाठवू?" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. हे दुखणं रेघांचं नाही, हे उखर्डूलासुद्धा कळलं. तो उगाच कागद सारखे करू लागला.

हेमांगी हळूच म्हणाली, "पत्रिकेवर गणपती आहेच ना नाना. फाइलीचं नाव पाहुण्यांसाठी नसतं. आपण घरात हाक मारतो, तेवढंच ते."

मग नाना खुर्ची ओढून नव्या कॉम्प्युटरपुढे बसले, सगळं जुनं नाव पुसलं आणि एका बोटानं शोधत शोधत दोनच अक्षरं उमटवली: दिपू.

उखर्डूच्या पडद्यावर फाइल पटकन उघडली. मशीन धडधडलं, पहिली पत्रिका बाहेर आली.

रुपचंदभाऊ केव्हाचे दारात येऊन उभे होते. "दिपू म्हनतस का तिले घरमा?"

नानांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग आमना घरमा बी दिपूच म्हनसूत," असं म्हणत व्याह्यांनी पत्रिका कपाळाला लावली आणि गाडीकडे निघाले. नानांनी हाताला लागला तो फडका उचलून डोळे पुसले. फडका शाईचा होता, पण ते सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही.