नसलेला बिघाड

ओरेम गावातल्या आमच्या छोट्या कंपनीत मी ग्राहकांचे फोन घ्यायचे. मालक वर्ल स्टॉडर्ड, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यात खाली जी मूळ प्रणाली चालते, ती त्यानं आणि लारू जेन्सननं मिळून लिहिली होती. बाजार एका बड्या कंपनीच्या मुठीत होता, तरी आमचा माल स्वस्त आणि चिवट. दवाखाने, शाळा आम्हाला धरून होत्या.

मग बड्या कंपनीनं माऊसवर चालणारा नवा प्रोग्रॅम काढला. सगळ्यांना तो हवाच होता. तो आमच्या प्रणालीवर सुरू केला की पडद्यावर एक ओळ यायची: गंभीर बिघाड, पुढे जाऊ नका. रेटून पुढे गेलं तर सगळं सुरळीत चालायचं. पण ती ओळ वाचल्यावर कोण पुढे जाणार? लोक मला फोनवर विचारायचे, आमच्या नोंदी पुसल्या जातील का. मी नाही म्हणायचे. माझाच आवाज मला खोटा वाटायचा.

मेमरी सांभाळणारा भाग लारूचा. वर्लनं तो ओळीओळीनं तपासला. काही सापडलं नाही, आणि न सापडल्यानंच त्याचा संशय वाढत गेला. शेवटी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्याच भागात आहे ते, लारू. तुला दिसत नाही, एवढंच."

लारूनं डबा उचलला आणि ती गेली. रविवारी चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर बसायची, मध्ये माझी बहीण. बोलणं नाही. पुढे ग्राहक गेले आणि कंपनीही गेली. लारू स्पॅनिश फोर्क गावी राहायला गेली, तिनं पुन्हा कधी प्रोग्रॅम लिहिला नाही.

कितीतरी वर्षांनी बड्या कंपनीवर खटला उभा राहिला. सॉल्ट लेकच्या कोर्टात मी वर्लशेजारी बसले होते. त्या कंपनीचा एक जुना इंजिनीअर, मवाळ चेहऱ्याचा, शांतपणे सांगत होता की बिघाड कधी नव्हताच. प्रोग्रॅम फक्त खाली कुणाची प्रणाली आहे ते बघायचा. आपली नसली की ती ओळ दाखवायचा.

"कशासाठी?" वकिलानं विचारलं.

"लोकांनी घाबरावं म्हणून."

वर्ल चिडला नाही. मला म्हणाला, गाडी लारूकडे घे.

लारू बरण्यांत भरायला पीच सोलत होती. वर्लनं दारातच उभं राहून सगळं सांगितलं, माफी मागितली. तिनं सुरी खाली ठेवली.

"भांडी घासताना, गाडी चालवताना मी अजून तो भाग तपासते, वर्ल. सगळा पाठ आहे. परवा तर वाटलं, सापडलं."

"नव्हतंच काही तिथे."

"ऐकलं मी. पण आता हे थांबवायचं कसं, ते सांगितलं का त्या माणसानं?"

तिनं आम्हाला पीच दिले, दारापर्यंत आली.

परतीच्या वाटेवर वर्लचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना करतोय. मी विचारलं, तेव्हा तो जरा ओशाळला.

"परवा तिला काय सापडलं असेल," तो म्हणाला, "तेच बघतोय."