कुंकवाची पाच बोटं

चालू

पहिल्या प्रोग्रामनं कडूबाचं एक बोट तीनदा मोजलं.

बोट टेकलं. टेकलं. टेकलं. मलकापूरच्या त्या जिनिंगमधली रुईच्या गाठी दाबणारी प्रेस वर निघाली, थांबली, पुन्हा निघाली. उचकी लागल्यासारखी.

वर्षभरापासून कडूबाचा उजवा हात थरथरत होता. जुन्या पॅनलची बटणं जाड, जड. त्यांना ते कळायचं नाही. आता तिथं काचेची स्क्रीन बसली होती आणि तिच्यासाठी दोन प्रोग्राम आले होते. आज त्यातला एक ठेवायचा होता.

"काकाजी, आता दुसरा पाहा," आसमा म्हणाली. प्रोग्राम बसवायला आलेली ही इंजिनिअर पोरगी गावातलीच. "हा सबुरीनं घेते. बोट दमभर ठेवा, मंगच ऐकते. मधात हाललं-बिललं तं मोजत नाही."

बोलताना तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

प्रेस गुमान वर गेली.

मालक भागवतशेठांचा डोळा घड्याळावर होता. "पहिलाच ठेव बाई. दर गाठीले दम खायाले टाइम कुठं हाये? कडूबाले नाही जमत तं गोदामात बसंन."

गोदामात. बत्तीस हंगाम हाताखाली चाललेली प्रेस आता भिंतीआडून ऐकायची.

आसमानं पहिला प्रोग्राम पुन्हा लावला.

थांबा

मालकाच्या आई, मनकर्णाबाई, दसऱ्याच्या यंत्रपूजेचं ताट घेऊन आल्या.

"आजी, थांबा, स्क्रीन बंद करते."

"काऊन? झोपलेल्याले कोणी कुंकू लावते का?"

त्यांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि काचेवर टेकवलं. एक. दोन. तीन. चार. पाच. पहिल्या प्रोग्रामनं पाचही टिकल्यांचा हुकूम मानला. प्रेस धावली, भोंगा वाजला, रुई सोडणारं झाकण उघडलं आणि भागवतशेठ डोक्यापासून कमरेपर्यंत पांढरे झाले.

कडूबानं भिंतीवरच्या मोठ्या लाल बटणावर पंजा मारला. सगळं थांबलं. हात तेव्हाही थरथरतच होता, पण ते बटण केवढं थोरलं.

मनकर्णाबाई स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिल्या. "माय वं, एवढं ऐकते? घरात तं माह्यं कोणी ऐकत नाही, भागवत."

हसू आधी आसमाला फुटलं, मग हमालांना, शेवटी रुईत उभ्या शेठांनाही.

"दुसराच टाक," कानातली रुई काढत ते म्हणाले. "आई दर दसऱ्याले येईन."

पुन्हा चालू

कडूबानं काच पुसली नाही. 'वर' लिहिलेल्या चौकोनातच एक टिकली आली होती. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं. हात थरथरला. काचेनं दमभर वाट पाहिली, आणि प्रेस उठली.

हंगामाची पहिली गाठ बाहेर आली तेव्हा जुन्या सवयीनं त्यानं तिला थाप मारली. गाठीच्या पांढऱ्या कापडावर एक लाल बोट उमटलं, कडेनं जरासं हललेलं.